तीन मिनिटांसाठी जिनिव्हा

स्वित्झर्लंडला जायचं तर लोक वर्षानुवर्षं पैसे साठवतात, एजंट गाठतात, बर्फातल्या फोटोसाठी जाकीट घेतात. मला हे सगळं फुकटात घडलं. मूलनिवासींचा आवाज जगाच्या बैठकीत पोचावा म्हणून एक आंतरराष्ट्रीय निधी आहे, आणि त्या आवाजाला दुभाष्या लागतो. एरवी मी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी मशिनची माहितीपुस्तकं मराठीत आणतो. 'भट्टीजवळ सैल कपडे घालू नयेत' हे वाक्य आजवर तीसेक वेळा तरी लिहिलं असेल, तेव्हा जागतिक धोरणाला मी पात्र होतोच.

आवाज होता ठकूमावशींचा. राधानगरीच्या जंगलात कारवीचा धनगरवाडा आहे, तिथल्या या साठीच्या, म्हशी राखणाऱ्या बाई. तुम्हाला जायचं असेल तर कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी, पुढं दाजीपूरच्या बाजूला वडापची जीप आणि मग दोन तास चढ. पावसाळ्यात जळवांसाठी खिशात मीठ ठेवा. वाड्याची अडचण अशी, की जंगलाला कुंपण घालायचा नवा नकाशा आला होता आणि त्यात वाड्याच्या जागी 'वस्ती नाही' असं छापलं होतं. वीस घरं नकाशाला दिसली नाहीत. कुंपण घातलं की घरं अलीकडे आणि पाण्याचा एकुलता एक झरा पलीकडे. तालुक्यापासून सगळीकडे अर्ज देऊन झाले होते, तेवढ्यात कुणीतरी या निधीचा फॉर्म आणला.

फॉर्म भरायला मी वर गेलो. ईमेल पत्ता सक्तीचा होता. वाड्यावर मोबाईलची रेंज फणसावर चढल्यावर येते, म्हणून माझाच पत्ता दिला. पुढचा प्रश्न होता, 'आपल्या समुदायात निर्णय कसे घेतले जातात? शंभर शब्दांत लिहा.'

"बसून," मावशी म्हणाल्या.

उरलेले नव्याण्णव शब्द मी घातले.

निघायच्या आधी वाडा देवराईत बसला. मी लिहून नेलेलं भाषण वाचून दाखवलं: हक्क, शाश्वतता, पूर्वसंमती, सगळं होतं. म्हातारे धाकूबाबा मान डोलावत ऐकत होते. शेवटी मावशींना म्हणाले, "समदं खरं. पर आदी घरं घ्यायची. आपलं शेवटाला."

वाड्याची रीतच तशी आहे. बाहेर कुणी वाड्याच्या वतीनं बोलणार असेल तर त्यानं आधी एकेका घराचं नाव घ्यायचं, स्वतःचं सगळ्यांत शेवटी. त्याशिवाय ते बोलणं त्याचं एकट्याचंच धरतात. मला हे फार गोड वाटलं आणि मी ते विसरून गेलो. शहाणा माणूस असल्यावर असं होतं.

आपल्या सरकारी कागदात धनगर आदिवासी नाहीत, भटक्या जमातीत आहेत. निधीच्या लेखी मात्र मावशी मूलनिवासी होत्या. म्हणजे मुंबईहून विमान सुटलं तेव्हा त्या मूलनिवासी झाल्या, आणि परतीला उतरल्या तेव्हा ते संपलं.

जिनिव्हात हॉटेलात उतरलेल्याला ट्रामचा पास फुकट मिळतो, तो मागून घ्या. खाण्याचं मात्र बघा. एका कॉफीच्या पैशात कोल्हापुरात आपण मिसळ खाऊन वर तिघा-चौघांना खाऊ घालू. मावशींनी नाचणीच्या भाकरी आणि चटणी आणली होती, त्यावर दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या बुरशीचं चीज चाखलं. "दूध झ्याक हाय," म्हणाल्या, "पर नासंपर्यंत कोण बघत न्हवतं व्हय?"

बैठकीच्या दालनात प्रत्येकाला तीन मिनिटं होती. सहा भाषांची सोय होती, त्यात मराठी नव्हती, त्यामुळे माझं भाषांतरही त्याच तीन मिनिटांत. दोन विमानं बदलून, व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे देऊन आम्हाला दीड मिनिट मिळालं होतं. आमच्या आधी एका साहेबांनी स्थानिकांच्या सहभागाचं महत्त्व सांगितलं. ते वेळेच्या पुढं बरंच बोलले, पण त्यांचा माईक कुणी बंद केला नाही.

मावशी उभ्या राहिल्या. माझा कागद त्यांनी घडी करून ठेवला आणि सुरू केलं, "फणसाखालचं घर, धाकू झोरे. झऱ्यावरचं घर, बाबू येडगे..." मी घामाघूम. एकेक घर इंग्रजीत करत होतो आणि वेळ दाखवणाऱ्या लाल दिव्याकडे बघत होतो. एकोणीस घरं झाली आणि माईक बंद पडला. अध्यक्षांनी हसून आभार मानले.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "मावशी, मुद्दा राहिला की!"

"कंचा?"

"कुंपणाचा! झऱ्याचा!"

"नकाशात काय लिवलंय? हितं कोण न्हाय. मग कोण कोण हाय त्ये सांगितलं की. आनि मुद्दा कंचा ऱ्हायला?"

मला स्वतःची लाज वाटली, ती अजून वाटते.

महिन्याभरानं बैठकीची नोंद ईमेलवर आली. मी ती छापून, मराठी करून वाड्यावर नेली. देवराईत वाचली तेव्हा ज्याचं त्याचं घर आलं की तो माणूस "हाय" म्हणायचा. एकोणीस वेळा "हाय" झालं. नंतर सगळे मावशींकडे बघायला लागले.

"माझं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी जाऊन आलो न्हवं."

तालुक्याच्या साहेबांनी नोंद चाळली आणि परदेशी कागद इथं चालत नाही म्हणाले. कुंपणाचे खांब झऱ्याजवळ येऊन पडलेत, अजून उभे केलेले नाहीत. निधीकडून मात्र एक फॉर्म आला: सहभागानं आपण किती सक्षम झालात, एक ते पाच. त्यातच प्रतिनिधित्व मिळालेल्या घरांची संख्या विचारली होती. मी वीस लिहिलं. उत्तर आलं, नोंदीत एकोणीसच आहेत, कृपया दुरुस्ती करावी.

अजून केलेली नाही. करायची तर ठकूमावशींचं घर मला माझ्या हातानं खोडावं लागेल.