पिवळ्या रंगातल्या बांध्या

बायनाबाई उंदिरवाडेच्या नावावर जमीन नव्हती. तरी कोसमटोल्यात तलावाखालची सगळ्यात नेटकी बांधी कोणाची, असं विचारलं तर लोक तिचंच नाव घेत. बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या त्या बांध्या होत्या दादाजी भांडेकरांच्या. बायनाबाई आणि तिचा नवरा देवाजी त्या कितीतरी वर्षांपासून ठेक्यानं करत. बांध्यांच्या कडेचे, उंदरांनी पोखरलेले धुरे तिनं बुजवले होते आणि उन्हाळ्यात तलावातला गाळ डोक्यावर वाहून तिनंच तिथं टाकला होता.

कोसमटोला गडचिरोलीहून चामोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक धावायला लागले, तशी रस्त्याकडेच्या धानाकडे बघायची लोकांची नजरच बदलली. बांधीत उभं राहून माणसं गॅरेज नि ढाब्याच्या गोष्टी करू लागली.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात दादाजी तिच्या अंगणात आले. पाणी प्याले, थोडं थांबले, मग म्हणाले, "बायना, यंदा धानाचा रोवणा कर. पुढच्या सालचं मी नाई सांगत."

"काऊन जी भाऊ? माहं काई चुकलं का?"

"तुहं नाई चुकलं. गावाचा नवा नकाशा आला हाये. आपल्या बांध्या पिवळ्या झाल्या."

तिला काही समजलं नाही. ती तडक ग्रामपंचायतीत गेली. तिथं तिचा भाचा राजदीप कॉम्प्युटरवर बसतो. त्यानं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. हिरवा रंग शेतीचा, पिवळा घरं बांधायचा. तलावाच्या पाळीपासून रस्त्यापर्यंत सगळं पिवळं होतं. नकाशा कच्चा होता, हरकत घ्यायला मुदत होती.

"मंग घेतो मी हरकत," बायनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती गडचिरोलीला गेली. नकाशाच्या ऑफिसातल्या बाबूनं तिचं नीट ऐकून घेतलं.

"हरकत कोणीही घेऊ शकते, बाई. पण मालकांनी जमीन पिवळीच ठेवा म्हणून लिहून दिलं आहे. तुमच्या एकटीच्या कागदानं काय होणार? ग्रामसभेचा ठराव आणा, त्याला वजन असते."

ठराव आणणं सोपं आहे असं तिला वाटलं होतं. रोवण्याला, धान लावायला जाणाऱ्या सगळ्या बाया तिच्या बाजूच्या. बांध्या गेल्या तर मजुरी जाणार, हे प्रत्येकीला कळत होतं. ग्रामसभेच्या दिवशी मात्र हॉलमध्ये सतरंजीच मोठी दिसत होती. बाया निंदणाला गेल्या होत्या, माणसं कुठं गेली होती ती त्यांनाच ठाऊक. माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब झाली.

संध्याकाळी ती घरोघर फिरली. "ओट्यावर बसून मले हो हो म्हंता, अन् सभेले कुठी जाता व?"

पुढच्या सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. घरकुलाची यादी वाचली जाणार होती. यादी वाचून झाली, भांडणं झाली आणि माणसं चपला शोधू लागली. बांध्यांचा विषय शेवटी होता. बायनाबाई उठली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"बसा. मले मारून बाहेर जा, नाई तं बसा."

काही हसले, पण बसले. सरपंच स्वातीताईंनी विषय वाचला. दादाजींचा मुलगा अजय ऊर्जानगरला वीजकेंद्रात नोकरीला आहे, तो खास रजा टाकून आला होता. तो उभा राहिला.

"काकू, जमीन आमची अन् ठराव तुमचा? तुमचा सातबारा दाखवा ना. माह्या बापानं जिंदगीभर धानच पिकवलं. काय भेटलं त्याले?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दादाजी खाली मान घालून बसले होते. बायनाबाईचा आवाज फाटला.

"माहा सातबारा नाई, अजय. पण तलाव गावाचा हाये. पाटाचं पाणी पह्यले तुमच्या बांधीत येते, मंग खाली सुकलूभाऊच्या, मंग शकुबाईच्या. तुमी वर मुरूम टाकला तं खाली काय जाईन?"

खालच्या बांधीचा सुकलू आत्राम चपला घालून दाराजवळच उभा होता. तो चपला काढून खाली बसला. "हे तं मी ध्यानातच नाई घेतलं," तो म्हणाला. मग हात वर झाले. तलावाच्या पाण्यावरची जमीन शेतीचीच राहावी, पाट मोकळा राहावा, असा ठराव झाला.

ठराव तिनं हरकतीला जोडून दिला, पुढे गडचिरोलीला सुनावणी झाली. नकाशाच्या ऑफिसातल्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं. त्यानंतर बरेच महिने काहीच झालं नाही. ती राजदीपला विचारून विचारून थकली.

पक्का नकाशा आला तेव्हा सुकलूच्या आणि शकुबाईच्या बांध्या हिरव्या झाल्या होत्या. रस्त्यालगतची पट्टी पिवळीच होती. दादाजींच्या बांध्या त्या पट्टीत होत्या.

सुकलू घरी आला. "बायना, तुह्यामुळं वाचलो व."

"मंग एक बांधी मले दे ठेक्यानं."

सुकलू चपला घालू लागला. "पोरं करून राह्यले ना."

तो गेल्यावर देवाजी समजावू लागला, "ठराव तं झाला ना."

"ठराव शिजवून खाऊ का?" ती खेकसली.

दादाजींनी जमीन प्लॉट पाडणाऱ्यांना विकली. विकून आल्यावर ते तिच्या दारावरून न थांबता गेले. तिनं गाळ टाकलेल्या बांध्यांवर टिप्परनं मुरूम पडला, धुरे कुठं होते तेही कळेना. पाटासाठी पाईप टाकायला लावा म्हणून ती पंचायतीत जात राहिली. स्वातीताई दर वेळी म्हणायच्या, "बोलली मी त्यांच्याशी." शेवटी पाईप पडला, पण हातभर पाट होता तिथं वीतभर तोंडाचा.

या पावसाळ्यात बायनाबाई सुकलूच्या बांधीत मजुरीनं रोवायला गेली. बांधीत पाणीच पुरेसं नव्हतं. बाया वाकून चिखल चाचपत होत्या, धानाच्या रोपांचे पऱ्हे उभे राहत नव्हते. तिनं हातातली रोपांची पेंडी धुऱ्यावर टाकली, फावडं घेतलं आणि पाटाच्या कडेनं वर गेली. पाईपाचं तोंड मुरुमानं बुजलं होतं. ती ओढू लागली.

"ओ बाई, प्रायव्हेट जागा है," प्लॉटवरचा चौकीदार ओरडला.

तिनं वर पाहिलंच नाही. शिव्या देत, चौकीदाराला की नकाशाला की गावाला कोण जाणे, ती मुरूम ओढत राहिली. मागून सुकलू दुसरं फावडं घेऊन आला आणि बाजूला उभा राहून उपसू लागला.

संध्याकाळपर्यंत बांधीत घोटाभर पाणी आलं. रोवणा अर्धाच झाला होता. बाकीचा दुसऱ्या दिवशी करायचं ठरवून बाया घरी गेल्या.