उसाआडची शर्यत: रोझ हिल ते सांत्र द फ्लाक

आम्ही रोझ हिलच्या घरातून निघालो, ती शनिवारची सकाळ होती. १९८३ सालचा मे महिना होता. आमची चौदा वर्षांची सरिता हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती, आणि आमचे हे कामियोनेतच्या, म्हणजे मागे हौदा असलेल्या उसन्या गाडीच्या, दोऱ्या आवळत होते. हौद्यात तिची गो-कार्ट होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, पाठीला चिकटून इंजिन आणि बूड रस्त्याला घासेल अशी बैठक. एवढ्याशा वस्तूने आमचं घर डोक्यावर घेतलं होतं.

मॉरिशसला फिरायला येणारे मराठी वाचक मला पूर्वेकडचा रस्ता विचारतात, म्हणून हे लिहायला बसले. पण तो रस्ता म्हटला की मला तोच प्रवास आठवतो, त्याला इलाज नाही.

फ्लाकजवळच्या एका साखर कारखान्याच्या आवारात रविवारी शर्यत होती. पहिले दोघे रेयुनियाँ बेटावरच्या शर्यतीला जाणार होते. सरिताची निवड झाली तर कार्ट राहील, नाही तर ती विकायची आणि पोरीने मुकाट्याने अभ्यासाला लागायचं, असा आमचा करार होता. हट्ट माझा होता. आदल्या वर्षी तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून इंजिन सुरू झालं की मी धास्तीने हातातलं काम टाकून बाहेर यायचे. हे सरकारी कचेरीत, मी शाळेत मराठी शिकवणारी, आणि आमच्या सगळ्या सुट्ट्या त्या कार्टमागे जायच्या. ती जिंकली की घरात दिवाळी, साखळी तुटली की आठवडाभर जेवणावर कोणाचं लक्ष नाही. सरिताने करार ऐकून फक्त मान हलवली होती. गिऱ्हाईकही ठरलेलं होतं.

पोर्ट लुई ओलांडून आम्ही पहिल्यांदा तेर रूजला थांबलो, दालपुरीसाठी. तुम्हीही थांबा. पुरी म्हणतात, पण ती तळलेली नसते. आपल्या पुरणपोळीसारखी, आत वाटलेली डाळ, मऊसूत, वर पावट्याची आमटी आणि हिरवी मिरची. कागदात गुंडाळून जोडी देतात, आणि आजही ती खिशाला जड नाही. घरात आठवडाभर सगळ्यांचं कारेम चालू होतं. पूजेआधी आम्ही मांस-मासे वर्ज्य करतो त्याला इथे कारेम म्हणतात, आणि ह्यांच्या थोरल्या भावाने, फ्लाकच्या भाऊजींनी, शर्यतीसाठी ते पाळायचा निरोप धाडला होता. सरिताने तिची अर्धी पुरी कुत्र्याला घातली.

तिथून सरळ फ्लाकला न जाता आम्ही गुडलँड्सचा वळसा घेतला, कारण नवी साखळी तिथल्या गॅरेजवाल्याकडे होती. तुमच्याकडे वेळ असेल तर हाच रस्ता धरा. गुडलँड्सच्या बाजारात कापड बघा, मग किनाऱ्याकडून रिव्हिएर जु रांपारवरून खाली या. समुद्र मधूनच दिसतो, बाकी दोन्ही अंगांना ऊस. कापणी सुरू व्हायच्या आधी तो माणसाच्या डोक्यावर जातो आणि रस्ता बोळासारखा होतो. बसनेही हे सगळं करता येतं, फक्त घाई नको.

संध्याकाळी भाऊजींच्या अंगणात कार्ट उतरवली. कार्ब्युरेटरच्या तोंडावर, जिथून इंजिन हवा ओढतं तिथे, धूळ आत जाऊ नये म्हणून हे माझा जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवायचे. तो फाटला होता. ह्यांनी तो काढून टाकला, नवा सकाळी लावू म्हणाले.

सकाळी जाऊबाईंनी पूजेचं ताट आणलं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, स्टिअरिंगला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. शेजारची दोन घरंही आली होती. भाऊजींनी गणपतीची आरती म्हटली आणि सगळ्यांच्या हातावर अक्षता दिल्या. एरवी कधी देवापुढे न थांबणारे आमचे हे त्या दिवशी इतके हळवे झाले होते की त्यांनीही मूठभर उधळल्या. मग खाली बसून मोजा लावला, कार्ट पुन्हा गाडीत चढवली आणि दोऱ्या आवळल्या.

कारखान्याच्या आवाराला वळसा घालून शर्यतीचा रस्ता उसामागे जायचा आणि गोदामांपाशी परत बाहेर यायचा. म्हणजे निम्मा वेळ पोर दिसायचीच नाही. कान देऊन उभं राहायचं. उसाआड एक काटकोनी वळण होतं, तिथे प्रत्येक इंजिनाचा आवाज उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दुपारच्या अंतिम शर्यतीत कोण कुठून सुटणार हे सकाळच्या शर्यतीवर ठरणार होतं. सरिता दुसरी धावत होती आणि तिच्या इंजिनाची बारीक किंकाळी मी ओळखत होते.

एका फेरीला तो आवाज उतरलाच नाही. तसाच चढा राहिला, वळणाच्या जागी पोचला, मग घुसमटला आणि बंद झाला. बाकीच्या गाड्या गोदामांपाशी बाहेर आल्या. तिची आली नाही.

मी साडी वर धरून उसात शिरले. पाती तोंडावर लागत होती. भाऊजी माझ्या पुढे पळत होते. सरिता आडव्या झालेल्या उसावर कार्टमध्ये तशीच बसलेली होती, गालावर ओरखडे, उजवा हात पेट्रोलने भिजलेला. मला बघून म्हणाली, "पा पेर, मामाँ. काय नाय झालं." घाबरू नको, असं ती मलाच सांगत होती. मी तिथेच मातीत बसले.

ह्यांनी मोजा सोडला आणि कार्ब्युरेटर उघडला. आतल्या झडपेच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता, कुंकवाने लाल. झडप त्याच्यामुळे बंद होत नव्हती, म्हणून पेडलवरून पाय काढला तरी इंजिन पळत राहिलं. ह्यांनी तो दाणा बोटावर घेतला आणि थोरल्या भावासमोर धरला. आयुष्यात पहिल्यांदा ते भाऊजींना वाटेल ते बोलले. पूजा, कारेम, अक्षता, काही ठेवलं नाही. 

"बाबा, तांदूळ तुमी पन टाकलेव," सरिता म्हणाली.

ह्यांनी दाणा झटकून टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले की आता तूच काय ते सांग. सकाळची शर्यत अर्धवट राहिल्यामुळे ती सगळ्यांत शेवटून सुटणार होती. घरी चला म्हणायला माझ्या ओठांवर शब्द आले होते, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती ते ऐकेल. मी तिला एवढंच विचारलं की आवाज उतरेना तेव्हा केलंस काय. तिने ओला हात दाखवला. मोज्यावरून तळवा दाबून तिने कार्ब्युरेटरचं तोंड बंद केलं होतं, इंजिनाला हवा मिळेना म्हणून ते विझलं, आणि दुसऱ्या हाताने तिने कार्ट वळणावरच्या दगडी बांधाकडून उसाकडे वळवली होती. एवढं तिने त्या एका क्षणात केलं होतं. मी म्हटलं, जा.

अंतिम शर्यत मी उभ्याने ऐकली. आवाज उतरायचा, चढायचा, ती बाहेर यायची आणि दर वेळी तिच्यापुढे एखादी गाडी कमी असायची. शेवटच्या फेरीत ती उसामागे गेली तेव्हा पुढे तिघे होते, बाहेर आली तेव्हा दोघे. दुसऱ्याच्या चाकाला तिचं चाक जवळजवळ लागलं होतं. तशीच तिसरी आली.

परतीला आम्ही सरळ रस्त्याने आलो. भावाभावांनी निरोप घेतला नाही. घरी पोचल्यावर सरिताने कार्ट धुतली, चाकांतली माती काडीने काढली आणि गिऱ्हाईकासाठी व्हरांड्यात लावून ठेवली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी दारात भाऊजी. बसने पोर्ट लुई, तिथून दुसऱ्या बसने रोझ हिल. बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. घरातल्या थोरल्याने बोलायचं तसं ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "पोर नाय हरली. आपुन हरवली तिला, तू नि मी. तिचा करार तिने पाळला. आता आपल्या चुकीपायी तिची गाडी विकायची का, ते सांग."

 हे चपला घालून गिऱ्हाईकाला नको सांगायला गेले. सरिता माझ्या तोंडाकडे बघत होती, कारण करार मुळात माझा होता. मी तिला म्हटलं, कार्ट आत घे, आणि भाऊजींना जेवायला थांबवलं.

ती रेयुनियाँला कधीच गेली नाही. आणखी काही वर्षं शर्यती केल्या, दोनदा पहिली आली, एकदा खांदा निखळला, मग स्वतःच्या मनाने सोडलं. आता ती फ्रान्समध्ये असते. तुम्ही फ्लाकला गेलात तर बाजार बघा, दालपुरी खा, आणि कापणीच्या आधी जा. माझी भीती काही त्या प्रवासात गेली नाही. ती माझ्यापाशीच राहिली, आणि पोरीवर न लादता तिथेच राहू द्यायला मी शिकले.