हुफूफच्या अंगणातले बुलबुल

काल मुलाने जुनी व्हिडिओ कॅसेट लावली आणि मी पुन्हा सौदीतल्या हुफूफच्या आमच्या अंगणात पोहोचलो. आखाती युद्धाचे दिवस. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराने भरदुपारी अंधारून यायचं. शेजारी आपापली कुटुंबं गावी पाठवत होते. माझी बायको झुबेदा मात्र रोज काजळी धरलेलं भांडं घासून बुलबुलांसाठी ताजं पाणी ठेवायची. त्या दिवशी मी कॅमेरा धरला होता. काळवंडलेला एक बुलबुल थेट तिच्या हाताशी येऊन आंघोळ करू लागला.

“ही कॅसेट रत्नागिरीला अम्मींना पाठवा,” ती हळूच म्हणाली. “म्हणावं, इथे पाखरंसुद्धा राहिलीत. आम्हीही राहू.”

तेव्हा मी फक्त बुलबुल पाहत होतो. काल मुलाला म्हटलं, “बघ, तुझ्या आईचा हात जरासुद्धा थरथरत नाही.”