पांढऱ्याचा एक हात

हे ऐकल्यावर तुमच्यापैकी एकही जण मला घर रंगवायला बोलावणार नाही, ते मला मान्य आहे. पण चहा पाजा. एवढा मोठा गाढवपणा कोरड्या घशानं सांगवत नाही.

सुरुवात आमच्या सरांपासून. पुण्याच्या आर्ट कॉलेजात त्यांनी तीस वर्षं शिकवलं. तीस वर्षं 'लोकांची कला, लोकांची कला' घोकलं, आणि लोक आले की केबिनचं दार लावून घेतलं. माझ्या प्रत्येक चित्रापुढं उभं राहून एकच प्रश्न. "यात तू कुठे आहेस?" दुसऱ्या वर्षी मी सांगितलं, "सर, मी नारायणगावच्या गाडीत आहे." आणि खरंच जाऊन बसलो गाडीत. संपलं कॉलेज.

घरी वडील म्हणाले, तोंड दाखवू नको. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून मी जगाकडं पाठ करून भिंती रंगवतो. सीझनला टोमॅटोच्या क्रेटवर शेतकऱ्यांची नावं टाकतो.

मग सर रिटायर झाले, आणि त्यांना अचानक खेडी सापडली. वारूळवाडीच्या अलीकडं आमची वस्ती आहे. तिथल्या शाळेची लांबलचक भिंत त्यांनी धरली. चित्रं गावातल्या बायका काढणार, सर नुसते गळ्यात झोळी अडकवून 'वा' म्हणणार. शिडी धरायला, रंग कालवायला एक पेंटर पाहिजे होता. सरपंचांनी माझं नाव दिलं, कारण सरपंचांना दुसरं नाव माहीत नव्हतं.

बायकांनी मात्र पाच दिवसांत भिंत पेटवली. कुणी ट्रॅक्टर काढला, कुणी ओझरचा गणपती. आमच्या शेजारच्या हिराकाकूंनी बिबट्या काढला. उसाला पाणी द्यायला गेल्या तेव्हा खरा पाहिलेला. तीनच पाय.

"काकू, चौथा पाय?"

"उसात व्हता. दिसला न्हाई तर काढू कसा?"

यावर सर 'वा' म्हणाले. मला राग आला, कारण मीही तेच म्हणणार होतो.

काकूंनी येडगावला भावाकडं निरोप धाडला. उद्घाटनाला सगळ्यांनी यायचं. साठ वर्षांत काकूंच्या नावाचं असं काही झालं नव्हतं. माहेरची माणसं बघायला येणार म्हणून त्यांनी इस्त्री करून आणलेलं लुगडं मला दोनदा दाखवलं.

आदल्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. ते खेडच्या घाटात, बसमध्ये. आवाज निम्मा येतोय, निम्मा जातोय.

"उद्घाटनाआधी एक गोष्ट राहिली. पांढऱ्याचा एक हात मार."

आता आमच्या धंद्यात हात म्हणजे कोट. एक हात प्रायमर, दोन हात रंग. मी विचारलं, "कुठं मारू?"

"सगळ्यांच्या वर."

"सर, आणि बायकांची चित्रं?"

"त्यांचं झालं ना आता. आता तुझा हात. मोकळेपणानं मार, लाजू नकोस."

फोन कट.

मी तिथंच बसलो. म्हटलं, बघा, आला की नाही यांचा खरा रंग वर? पाच दिवस बायकांना राबवलं, फोटो काढून घेतले आणि आता पुसा. हेच असणार त्यांची मॉडर्न आर्ट. परत फोन लावायचा की नाही? लावायला हवा होता. पण खरं सांगू, मला तो लावायचाच नव्हता. सर नालायक निघाले यात मला केवढं समाधान होतं.

भिंतीवर उद्घाटनासाठी ताडपत्री टाकलेली होती. बायका शेतात. मी ताडपत्रीच्या आत शिरलो आणि पांढरा फासला. काळे ठिपके खालून डोकावले, म्हणून दुसरा हात दिला. बिबट्यावर तिसरा. रागात माझं काम लई चोख होतं. कुणाला बोललो नाही. म्हटलं, उद्या या बायकाच सरांना सोलून काढतील, आपण शिडीवर बसून बघू.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी अर्धा तास स्वतःवर भाषण केलं. काकू इस्त्रीच्या लुगड्यात पुढं. त्यांचे भाऊ, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचेच मामा, अख्खं घर पिकअपमध्ये भरून आलेले. दोरी ओढली. ताडपत्री पडली.

सरपंच टाळ्या वाजवत राहिले. त्यांनी भिंतीकडं पाहिलंच नव्हतं.

सर माझ्याकडं आले. "हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणाला. पांढऱ्याचा एक हात, सगळ्यांच्या वर."

सरांनी स्वतःचा पंजा माझ्या नाकासमोर धरला. "हात. अरे, हा हात. तळव्याला रंग लावून ठसा. गुहेतली माणसं उमटवायची तसा. पहिल्या वर्षाचं पहिलं लेक्चर."

"त्याला मी नव्हतो."

"पाच दिवस तू राबलास आणि भिंतीवर कुठेच नव्हतास. म्हणून म्हटलं, वरच्या कोपऱ्यात तुझा एक हात असू दे."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं मला चांगलं काही द्यायला काढलं होतं, आणि मी त्याचं काय केलं ते समोर चकाकत होतं.

बायका माझ्याभोवती जमल्या. त्या अशा जमल्या की बिबट्या परवडतो.

मामांनी चष्मा पुसून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "ताई, तुजं कोणतं?"

काकू माझ्याकडं बघत म्हणाल्या, "माजं ह्याच्या खाली हाय."

मामा भिंतीजवळ गेले. हात फिरवला, नखानं खरवडलं. काही निघालं नाही. मग माझ्याकडं वळून अगदी आदरानं विचारलं, "पावणं, इतकं साफ काम कुठं शिकला?"

मी मान खाली घातली. "पुण्यात. आर्ट कॉलेजात."

"दोनच वर्षं होता," सर घाईनं म्हणाले. "मधेच सोडलं त्याने."

"बरं केलं राव," मामा म्हणाले. "पुरता शिकला असता तर आज शाळा बी दिसली नसती."