दिवाळसणाची अंघोळ आणि सात नंबरची इमारत

नोकरीतल्या बहुतेक प्रकरणांची आता माझ्या डोक्यात खिचडी झाली आहे. कोणती चोरी कल्याणची आणि कोणती मारामारी ठाण्याची, हे नौपाड्यातल्या घरी निवांत बसून आठवायला गेलो तरी जुळत नाही. पण एका दिवाळीतलं प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात रक्त सांडलं नाही, कुणाचं सोनं गेलं नाही. गेलं ते एका इमारतीचं पाणी. पण त्या निमित्ताने दोन बायकांचा जो हट्ट मी पाहिला, त्याच्यापुढे माझ्या कोठडीत राहून गेलेले नामचीन गुंडही फिके होते.

मी तेव्हा डोंबिवली पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा तपास पाहणारा निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत कोपरच्या पुढे खाडीच्या बाजूला एक मोठी वसाहत उभी राहिली होती. अशा वसाहतीत प्रत्येक इमारतीची एक सोसायटी असते आणि सगळ्या सोसायट्यांच्या डोक्यावर एक फेडरेशन बसलेलं असतं. रस्ते, बाग, पहारेकरी, पाण्याची मोठी टाकी हे सगळं फेडरेशन बघतं आणि त्यासाठी घरटी फी घेतं. इथल्या फेडरेशनने फी वाढवत नेली होती. त्यात पोहण्याच्या तलावाची फी होती. तलावात बांधल्यापासून कुणी पाय बुडवला नव्हता, कारण त्यात पाणीच नव्हतं. कॅमेऱ्यांचीही फी होती आणि ऐन गरजेच्या वेळी ते जागेवरच नव्हते, ते पुढे येईलच.

सात नंबरच्या इमारतीने सर्वसाधारण सभेत ठराव केला, की आम्हाला या फेडरेशनमध्ये राहायचं नाही. आमचं पाणी, आमचा पहारेकरी, आमचं आम्ही बघू. उपनिबंधकांकडे अर्जही गेला. या सगळ्याच्या पुढे होत्या इमारतीच्या अध्यक्षा. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. आम्हीही म्हणायला लागलो.

नरक चतुर्दशीच्या पहाटे सात नंबरचे नळ कोरडे पडले. घराघरांत उटणं कालवलेलं, तेल कोमट केलेलं, आणि बादलीत थेंब नाही. पंपघरात जाऊन पाहतात तो सात नंबरला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह मुळापासून तोडलेला. आदल्या संध्याकाळी बागेत गाण्यांचा कार्यक्रम होता, तेव्हा कुणीतरी डाव साधला होता. कॅमेरे दुरुस्तीसाठी काढून ठेवले होते. बाईंच्या आधी फेडरेशनचे अध्यक्षच ठाण्यात हजर झाले. कुठल्याशा कारखान्यात इंजिनीयर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, इस्त्रीचा झब्बा, कपाळाला गंध. त्यांची तक्रार अशी, की सात नंबरवाल्यांनीच स्वतःची जोडणी तोडली आहे, म्हणजे ‘फेडरेशन आमचं पाणी तोडतं’ अशी बोंब मारून त्यांना बाहेर पडता येईल. बाई सभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘तुमचा पाईप कापून टाकू.’ साक्षीदार हवे तेवढे होते.

ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली. दिवाळीत आमच्याकडे फटाक्यांच्या तक्रारी आणि बाजारपेठेतला बंदोबस्त यांतून मान वर करायला फुरसत नसते. तेवढ्यात एक निनावी फोन आला. तोडायला वापरलेला पाना सात नंबरच्या मीटरच्या खोलीत, उजव्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली आहे. आम्ही पंच घेऊन गेलो. पाना तिथेच होता, उजव्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली. रीतसर पंचनामा केला.

माझा हवालदार खूश झाला. मी झालो नाही. खबर देणारा माणूस नेहमी अर्धवट सांगतो. त्याने चोरून बघितलेलं असतं, घाबरत बघितलेलं असतं. उजवा कोपरा आणि गोणपाट इतकं नेमकं सांगणारा माणूस बघणारा नसतो, ठेवणारा असतो. फोन कुठून आला याचा शोध घेतला तर तो वसाहतीच्या क्लबहाऊसमधून आलेला. तिथे दिवसभर कुणीही येजा करत असे, त्यामुळे त्यावरून कुणाचं नाव घेता येत नव्हतं.

बाईंना चौकशीला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसली. बाई ताठ बसल्या होत्या.

“तुम्ही सभेत पाईप कापायची भाषा केली होती?” मी विचारलं.

“केली होती. आत्ताही करते. आमची वेगळी जोडणी मंजूर झाली, की यांचा पाईप महापालिकेच्या माणसाकडून रीतसर कापून घेणार आहे. पण त्याआधी नवीन पाणी यायला हवं की नको? सणाच्या दिवशी स्वतःची इमारत कोरडी ठेवून मी कुठला पराक्रम गाजवणार होते?”

“पाना तुमच्या मीटरच्या खोलीत सापडला.”

“त्या खोलीची किल्ली फेडरेशनच्या ऑफिसात असते. ते तुम्ही विचारलंत का त्यांना?”

विचारलं नव्हतं. नंतर विचारलं, आणि किल्ली खरंच तिथे होती.

दुपारी अध्यक्ष परत आले. सोबत सात नंबरमधलेच काही रहिवासी होते, चेहरे पडलेले. अध्यक्ष अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “साहेब, आपण सगळे सुशिक्षित लोक. बाईंनी माफीनामा द्यावा, ठराव मागे घ्यावा. मी तक्रार मागे घेतो. संध्याकाळपर्यंत पाणी चालू.”

रहिवासी बाईंच्या विनवण्या करू लागले. “बाई, करा ना सही. घरात पाहुणे आहेत हो. तुमच्यावर केस झाली तर आमची अर्जावरची नावं पण अडकतील.” खरी गोम तिथे होती. बाईंवर गुन्ह्याचा शिक्का बसला असता, तर घाबरून सगळे एकेक करत मागे सरले असते आणि बाहेर पडण्याचा अर्ज आपोआप मेला असता.

बाई म्हणाल्या, “ज्यांना नावं काढायची त्यांनी खुशाल काढा. मी सही करणार नाही. साहेब, तुम्हाला मला अटक करायची असेल तर करा. मी जामीनसुद्धा मागणार नाही. शिक्षिका आहे मी, केलेलं नसताना ‘केलं’ म्हणायला पोरांना कधी शिकवलं नाही.”

एवढ्यात मला फोन आला. भागातले एक पुढारी होते. “अहो, त्या म्हातारीला दोन दिवस आत बसवा की. डोकं ठिकाणावर येईल.” माझं डोकं तापलं. मी म्हटलं, “लेखी पाठवा, लगेच करतो.” लेखी काही आलं नाही. असं लेखी कधीच येत नाही, हे एवढ्या वर्षांत मी शिकलो होतो. बाईंना मी घरी पाठवलं आणि स्वतः सात नंबरमध्ये जबाब घ्यायला निघालो.

वरच्या मजल्यावर एका घरात दार उघडलं ते रडून डोळे सुजलेल्या एका गृहिणीने. घर सजवलेलं, दारात मोठी रांगोळी, पाटाभोवती फुलं. मला वाटलं, पाण्यापायी रडतायत. तसं म्हटलं तर त्या उसळल्याच.

“पाण्याचं काय घेऊन बसलात साहेब! पहिला दिवाळसण आहे आमच्या जावयाचा. चांदीची वाटी आणली, तेल, उटणं, नवे कपडे. लेक-जावई आदल्या रात्रीच राहायला येणार होते. आणि आदल्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन, म्हणे मुलगा अंघोळ इकडेच करेल, फराळाला तेवढा पाठवते. पहिल्या दिवाळीत जावयाला सासूने तेल लावायचं नाही तर कधी लावायचं? आम्ही काय इतके गेलेले आहोत का?”

“कारण काय सांगितलं त्यांनी?” मी सहज विचारलं.

“म्हणाल्या, उगाच तुमची पाण्याची पंचाईत नको.”

माझं पेन थांबलं. आदल्या दिवशी दुपारी या इमारतीत धो धो पाणी होतं. व्हॉल्व्ह तुटला संध्याकाळी. पंचाईत होणार हे विहीणबाईंना दुपारीच कसं कळलं?

“विहीणबाई राहतात कुठे?”

“इथेच की, वसाहतीत. फेडरेशनचे अध्यक्ष आहेत ना, तेच आमचे व्याही.”

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं.  अध्यक्षांनी सगळं बरोबर जुळवलं होतं. कॅमेरे काढले, गाण्यांची वेळ साधली, पाना ठेवला. पण पहिल्या दिवाळसणाला पोटचा मुलगा सासरी बिनअंघोळीचा राहील, हे काही त्यांना सोसलं नाही. बाप म्हणून काळजी घ्यायला गेले आणि तिथेच फसले. दुसऱ्या कुणाची अंघोळ असती तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं.

मी म्हटलं, “ताई, हे जबाबात लिहून सही करा.”

“नाही साहेब. मी काही बोललेच नाही. माझी मुलगी त्या घरात नांदतेय.”

 लेक नुकतीच सासरी गेलेली आणि आईने व्याह्याविरुद्ध जबाब द्यायचा, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगू? दमदाटी करून सही घेता आली असती. घेतली नाही. न्यायालयात असे जबाब टिकत नाहीत, आणि टिकले तरी मला नको होते. पण त्या जबाबाशिवाय माझ्या हातात फक्त संशय होता आणि पुराव्यातला पाना बाईंच्या विरोधात जात होता.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ठाण्यात एक तरुण मुलगी आली. अंगावर नवी कोरी साडी, हातात हिरवा चुडा. सरळ माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

“सर, मी त्या अध्यक्षांची सून. आईने रात्री रडत फोन केलेला. तिचा जबाब राहू दे. माझा लिहून घ्या.”

“तुला काय माहीत आहे?”

“पप्पा, म्हणजे माझे सासरे, सासूबाईंना किचनमध्ये सांगत होते, उद्या सात नंबरला पाणी नसणार, पोराला तिकडे अंघोळीला पाठवू नकोस. दुपारची गोष्ट. मी तिथेच चकल्या तळत होते. तेव्हा वाटलं, टाकी वगैरे धुणार असतील. सकाळी कळलं काय ते.”

“बाळ, जरा विचार कर. हे लिहिलं, की तुला त्याच घरात परत जायचंय.”

“जाणारच आहे. घर माझं पण आहे ना? बाईंनी मला पाचवीला शिकवलंय. त्यांना तुम्ही आत टाकणार आणि मी इकडे अनारसे वाढत फिरणार? जमणार नाही मला.”

महिला हवालदाराने तिचा जबाब लिहायला घेतला. अर्धा होतो न होतो तोच तिचा नवरा धापा टाकत आला. “अगं, चल घरी. पप्पांना कळलं तर...”

ती जागची हलली नाही. “कळूच दे. तू पण तिथेच होतास. बस इथे, तुझा पण जबाब होईल.”

 मी खुर्ची पुढे सरकवली.  तो बसला, आणि त्याने बायकोच्या जबाबातला शब्द न् शब्द खरा असल्याचं सांगितलं.

अध्यक्षांना आणलं तेव्हा ते आधी कायद्याची भाषा बोलले, मग पुढाऱ्याचं नाव घेतलं. मी दोन्ही जबाब वाचून दाखवले. मुलाची सही बघितली आणि माणूस खचला. पाना स्वतःच चालवला, ठेवला, फोनही स्वतःच केला, सगळं कबूल केलं. “पण साहेब, माझा स्वार्थ नव्हता हो यात. एक इमारत गेली की सगळ्या जातील. बागेला पाणी कोण घालणार, दिवे कोण लावणार? उभं केलेलं सगळं मोडेल. म्हणून केलं.” मला त्यांची कणव आली, हे कबूल करतो. पण गुन्हा नोंदवला. सुशिक्षित लोकांच्या हातून गुन्हा झाला, की तो ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ झालेला असतो, हेही मी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं.

व्हॉल्व्ह त्याच दिवशी बदलला. फेडरेशनचे उरलेले सभासद बाईंकडे धावत आले. तलावाची फी रद्द करतो, वाढ मागे घेतो, तुम्ही फक्त राहा. तेच रहिवासी, जे ठाण्यात विनवण्या करत होते, आता बाईंच्या मागे उभे होते. बाई म्हणाल्या, “फी कमी केलीत, छान केलंत, बाकीच्यांना उपयोग होईल. आम्ही निघालो. पाणी बंद करून ज्यांनी आम्हाला थांबवायला पाहिलं, त्यांच्याकडे सवलत मागून आम्ही राहणार नाही.” आणि यथावकाश मंजुरी घेऊन सात नंबर बाहेर पडली.

त्यानंतर मी मुद्दाम त्या वसाहतीवर लक्ष ठेवून होतो. अध्यक्ष म्हणाले होते, एक गेली की सगळ्या जातील. एकही गेली नाही. तलावाची फी गेल्यावर लोकांची तक्रार उरली नाही. बाग आहे, दिवे आहेत. ज्या भीतीपायी त्या माणसाने गुन्हा केला, ती भीतीच बिनबुडाची होती. माणसं धरून ठेवायची असतील तर त्यांची वाट अडवू नये, एवढं मी त्या दिवाळीत शिकलो आणि पुढे माझ्या हाताखालच्या माणसांशीही तसाच वागलो. जाणारे थोडे असतात. बाकीच्यांना राहायचंच असतं, फक्त मान खाली घालून राहायचं नसतं.

अध्यक्ष जामिनावर सुटले तेव्हा त्यांना घ्यायला मुलगा आला होता आणि सूनही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्या पुढे चालत जाऊन रिक्षा थांबवली. ती आजही त्याच घरात राहते.