जिन्याखालची साक्षीदार

जिन्याखालच्या खोलीत ती शिवणकाम करायची. एका दुपारी वरती आरडाओरडा झाला आणि वरच्या मजल्यावरचे एक म्हातारे भाडेकरू गडगडत तिच्या दाराशी येऊन पडले. तिने बाहेर धावत येऊन मान वर केली. कठड्याशी घरमालकाचा मुलगा उभा होता. "आता तरी निघ," तो वरून म्हणाला. खोली खाली करा म्हणून तो त्यांच्या हात धुऊन मागे लागला होता.

पोलिसांना तिने दिसलं-ऐकलं तेवढं सांगितलं. खटला उभा राहिला, साक्षीचं समन्स आलं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," नवरा म्हणाला.

"मग वेड्यांनीच चढायची का?" असं ती बोलून गेली खरी, पण समन्स पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली.

जामिनावर सुटलेला मालकाचा मुलगा दारात आला. हसून म्हणाला, "काकू, डोळे जपा हं. बारीक काम तुमचं."

सुई तिच्या बोटात घुसली. नवऱ्याला ती हे बोलली नाही.

कोर्टात शिपायाने पुकारा केला, तशी ती साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. शपथ घेतली. सरकारी वकिलांचे प्रश्न सरळ होते. मग आरोपीचे वकील उठले.

"म्हातारे पाय घसरून पडले. धक्का मारताना पाहिलंत तुम्ही?"

म्हाताऱ्यांची बायको आशेने तिच्याकडे बघत होती. 'हो' म्हटलं असतं तर त्या नजरेतून ती सुटली असती.

"नाही साहेब. ते पडल्यावर पाहिलं. हा वर उभा होता. 'आता तरी निघ' म्हणाला."

न्यायाधीशबाईंनी तेही लिहून घ्यायला लावलं. मग विचारलं, "एवढ्या थरथरताय का? कोणी धमकावलंय?"

आरोपी तिच्याकडेच रोखून बघत होता. तिने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं.

चौकशी झाली, दोन्ही बाजूंचं ऐकून त्याचा जामीन रद्द झाला. पुढे म्हाताऱ्यांनी त्याने धक्का दिल्याचं सांगितलं, डॉक्टरांचीही साक्ष झाली आणि त्याला शिक्षा झाली. जी बाई न पाहिलेलं पाहिलं म्हणत नाही, तिचं बाकीचं खोटं का मानावं, असं निकालात म्हटलं होतं.

त्याने वरच्या कोर्टात अपील केलं.

"मला परत बोलावतील?" तिने सरकारी वकिलांना विचारलं.

"बहुतेक नाही. तिथे कागदपत्रं बघून निकाल देतात."

तो 'बहुतेक' तिच्या मनातून जात नाही. अपील अजून चालू आहे. भर दुपारीही ती आतून कडी लावूनच शिवायला बसते.