बुडायचं कडवं

पूर्णेच्या काठी दुःखाचा एवढा मोठा गायक पुन्हा होणे नाही, असं धोंडीबा धनगराबद्दल सगळे म्हणत. दुःखी धोंडीबा मात्र कुणी पाहिला नव्हता. मेंढरं कातरताना तो नव्या नवरीचं गाणं म्हणायचा. नवरा कळप घेऊन पैलतीरी अडकलेला, पूर्णा दुथडी भरलेली आणि ती त्याच्याकडे निघालेली. नवरी कमरेएवढ्या पाण्यात असताना मेंढरू हललं, तर धोंडीबा गाणं थांबवून त्याच्या आईबापाचा उद्धार करी आणि नवरीला पुन्हा पाण्यात घाली.

गाणं त्याच्या बायकोच्या, गिरजेच्या माहेरचं. बुडायचं शेवटचं कडवं ती एकटीच म्हणायची. धोंडीबाला परवानगी नव्हती. "गडी मानूस लय घाईनं बुडिवतंय तिला," असं तिचं मत होतं.

गिरजा वारली आणि तेव्हापासून तो नवरीला पाण्यात उभं करूनच थांबायचा. पुढचं विचारलं, तर म्हणे, "ते मालकिनीकडं हाय."

साठ साली नव्या राज्याचा सोहळा आमच्या शाळेच्या पटांगणात झाला; त्यात धोंडीबाचं गाणं ठेवलं होतं. अध्यक्ष एक वकील. मंगल दिवशी मरण नको, नवरी वाचली पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

"साहेब, ती माज्या आज्याच्या टायमालाच मेलीय," धोंडीबा म्हणाला. पण हुकूम त्याच्या सोयीचा होता. तो कबूल झाला.

त्या दिवशी तो कमरेच्या पाण्यापर्यंत आला, थांबला आणि म्हणाला, "हितून फुडं साहेबांच्या हुकमानं पानी उतरलं."

 मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "दादा, दोन कोस चालत आलोय आमी. रडू तरी द्या की." एवढं बोलून तिने स्वतःच शेवटचं कडवं धरलं. मागून धोंडीबाच्या वाडीच्या बाया मिसळल्या. लोकर कातता कातता गिरजेनं ते सगळ्यांना शिकवलं होतं, नवरा तेवढा वगळून.

धोंडीबा स्टेजच्या कडेला माझ्याशेजारी येऊन बसला. डोळे वाहत होते आणि तो हसत होता. "तिचंच हाय, मास्तर. शब्दान् शब्द. मला वाटलं, संगं घिऊन गेली."

नवरी रीतसर बुडाली. पोटभर रडून बाया पोरं काखोटीला मारून घरी गेल्या. अध्यक्षांचं भाषण त्यानंतर होतं.